जागा सोडायची नाही! सायकलफेरीत पहिल्यांदाच रस्त्यावर मदतीला उभं राहताना

‘नुसतं उभं राहायचंय हो, बाकी काही काम नाही,’ असं सांगून पहिल्या वर्षी मला सुरूर फाट्यावर, पुणे–सातारा महामार्ग सोडून वाईकडे वळायचं तिथे, उभं केलं होतं. पुणे ते पाचगणी अशी सायकलफेरी होती, एका रुग्णनिवासासाठी देणग्या जमवायला काढलेली. साडेनऊच्या सुमारास बराच वेळ कोणी आलं नाही, म्हणून मी समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. दहा मिनिटं, फार तर बारा. तेवढ्यात चौघे जण फाटा ओलांडून सरळ साताऱ्याच्या दिशेने गेले. भुईंज आल्यावर त्यांना शंका आली. पाचवडवरूनही वाईला रस्ता आहे, त्यामुळे ते पोचले खरे, पण चांगले तासभर उशिरा. त्यातल्या एका काकूंनी संध्याकाळी पाचगणीत माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात एखाद्या तरी फेरीला मी रस्त्यावर असतो. नवीन येणाऱ्यांना दरवर्षी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा लिहूनच काढतोय. उदाहरणं पुणे–वाई–पाचगणी रस्त्यावरची आहेत, कारण तोच रस्ता मला पाठ आहे. तुमचा रस्ता वेगळा असेल तर गावांची नावं बदला, बाकी फारसं बदलत नाही.

आपल्याकडे ही कल्पना काही नवी नाही. पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे, दाढी करून देणारे, पाय चेपून देणारे लोक वर्षानुवर्षं बसतात. फरक एवढाच की वारकरी चालत येतो आणि सायकलवाला ताशी तीस किलोमीटरने. तुम्ही त्याला दिसायला आणि त्याने काय करायचं ते ठरवायला मोजके सेकंद मिळतात. या कामातलं बहुतेक सगळं त्या सेकंदांभोवती फिरतं.

नाव देताना

आयोजक विचारतात, ‘कुठलं काम करणार?’ आणि नवीन माणूस सांगतो, ‘कुठलंही.’ असं म्हणू नका. रस्त्यावर साधारण चार प्रकारची कामं असतात: वळण दाखवणं, पाणी-खाण्याचा थांबा सांभाळणं, सायकलदुरुस्ती, आणि सगळ्यांच्या मागून येणारी स्वीप गाडी. पहिल्या वर्षी वळण किंवा पाण्याचा थांबा घ्या. स्वीप गाडीवर बसायला माणूस धीराचा लागतो. दमलेल्या, चिडलेल्या, ‘मी पूर्ण करणारच’ म्हणणाऱ्या माणसाला गोड बोलून गाडीत बसवायचं असतं, आणि ते पहिल्या दिवशी जमत नाही.

आणखी एक. तुम्ही स्वतः बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करत असाल तर तिथले नियम डोक्यातून काढा. तिथे ठरलेल्या कंट्रोलशिवाय (म्हणजे नोंद करायच्या थांब्याशिवाय) वाटेत मागून येणाऱ्या गाडीची मदत चालत नाही, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत स्वतःच्या हिमतीवर काढायचे असतात. देणगीच्या फेरीत उलट आहे. इथे आयुष्यात पहिल्यांदाच ५० किलोमीटरच्या पुढे जाणारी माणसं असतात, ऑफिसातल्या मित्रांकडून ‘तू फेरी पूर्ण केलीस तर इतके देईन’ असं कबूल करून घेऊन आलेली. त्यांना मदत मागायची लाज वाटते. तुम्हीच विचारायचं.

एकट्याने उभं राहायला तयार होऊ नका. प्रत्येक ठिकाणी दोघे हवेत, घाटात तर हवेतच. एक जण लघवीला गेला तरी जागा रिकामी पडता कामा नये.

आदल्या रविवारी जागा बघून या

हे बहुतेक जण टाळतात. नकाशावर पिन पाठवलेली असते, मग जायचं कशाला? जायचं, कारण पिन जिथे पडते तिथे उसाचा रस विकणाऱ्याची गाडी असू शकते, किंवा पिन नेमकी पुलाच्या वरच्या रस्त्यावर पडते आणि सायकली खालच्या सर्व्हिस रोडने जाणार असतात. आणि जायचं ते फेरीच्या वाराला आणि फेरीच्या वेळेला. रविवारी सकाळी दहानंतर महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची पसरणी घाटात जी रांग लागते, ती बुधवारी दुपारी जाऊन कळणार नाही.

तिथे गेल्यावर काय बघायचं? सावली सकाळी कुठे असते आणि अकराला कुठे सरकते. मोबाइलला रेंज आहे का, आणि कुठल्या कंपनीची. घाटात काही वळणांवर ती गायब होते, मग फोन करायला किती मागे किंवा पुढे जावं लागतं ते चालून बघा. जवळचा किलोमीटरचा दगड शोधून त्याचा फोटो काढून ठेवा. आणि स्वच्छतागृह. ही गोष्ट पुरुष आयोजकांना हमखास सुचत नाही. जवळच्या हॉटेलवाल्याला किंवा पेट्रोलपंपावर आधी भेटा, ‘दादा, रविवारी आमच्या पाच-पन्नास बायका-मुली येतील, वापरू द्याल ना?’ असं सरळ विचारा. बहुतेक वेळा ‘या की’ असंच उत्तर येतं. न विचारता गर्दी आली तर मात्र कुलूप लागतं.

टपरीवाल्याशीही ओळख करून घ्या. दिवसभरात काही अडलं तर पहिला धावून येणारा माणूस तोच असतो.

वेळेचं गणित

समजा तुमची जागा सुरुवातीपासून ७० किलोमीटरवर आहे आणि फेरी पहाटे ६ वाजता सुटणार आहे. पुढचे तरबेज लोक घाट धरूनही ताशी २८ ची सरासरी काढतात, म्हणजे अडीच तासांत, साडेआठला तुमच्यापुढे. मागचे १४ ने येतात, म्हणजे पाच तास, अकरा वाजले. त्यात त्यांचे चहाचे थांबे, एखादं पंक्चर आणि फोटो धरा: साडेअकरा-बारा. तुम्ही आठला जागेवर असायला हवं आणि दुपारच्या जेवणाचं कुणालाही वचन देऊ नका.

पहिले पाच-सहा जण सुसाट जातात, मग वीस मिनिटं शुकशुकाट. नवीन माणूस इथेच फसतो. मी चहाला गेलो तो याच वेळी. त्यानंतर मधला मोठा घोळका येतो आणि सगळ्यात शेवटी, तासभर, एकेकटे. खरी गरज या शेवटच्या लोकांना असते. पुढच्यांना तुम्ही नसलात तरी चालतं, त्यांच्या सायकलवर नकाशा लावलेला असतो.

सोबत काय घ्यायचं

रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आयोजक देतील, ते सगळ्यात वर घाला, स्वेटरच्या आत नाही. बाकी टोपी, शिट्टी, पॉवर बँक, स्वतःचं जेवण, स्वतःचं पाणी (थांब्यावरचं पाणी सायकलवाल्यांचं आहे), पेन आणि कागद. मोबाइल असताना कागद कशाला, असं वाटेल. ऊन पडलं की स्क्रीन दिसत नाही आणि घामेजल्या बोटांनी टाइप होत नाही. महत्त्वाचे चार नंबर त्याच कागदावर लिहून ठेवा. फोन दुसऱ्याच्या हातात गेला किंवा बंद पडला, तर तोंडपाठ नंबर फक्त घरचा असतो.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. तुमची जागा पहिल्या २० किलोमीटरच्या आत असेल तर बॅटरी हवीच, कपाळावर बांधायची असली तर उत्तम, म्हणजे हात मोकळे राहतात. फक्त समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मारू नका. कात्रजच्या जुन्या घाटात एकाने ते केलं होतं. सायकलवाला वाचला, पण त्याने उच्चारलेले शब्द इथे लिहिता येत नाहीत.

नेमकं कुठे उभं राहायचं

आता मुख्य गोष्ट.

ताशी ३० च्या वेगाने सायकल सेकंदाला आठ मीटर जाते. तुम्ही बरोब्बर फाट्यावर उभे राहिलात, तर ‘उजवीकडे!’ हा शब्द पूर्ण होईपर्यंत ती फाटा ओलांडून गेलेली असते. म्हणून वळणाच्या आधी निदान ५० मीटर. तेवढ्यात त्याला सहा सेकंद मिळतात: तुम्हाला बघायला, मागे वळून गाडी येतेय का ते पाहायला आणि वेग कमी करायला. दुसरा साथीदार प्रत्यक्ष वळणावर. आणि वळण घेतल्यावर शंभर पावलांवर आणखी एक बाण, नुसता बाण, माणूस नसला तरी चालेल. चुकलो तर नाही ना, ही शंका त्या शंभर पावलांतच येते, बाण दिसला की माणूस निश्चिंत होतो.

सुरूरला पुण्याहून येताना वाई उजव्या हाताला. महामार्गावर उजवीकडे जायचं म्हणजे नवख्याला वाटतं, लेन ओलांडून सरळ उजवी बाजू धरावी. तसं कुणालाही करू देऊ नका. डावीकडूनच सर्व्हिस रोडला उतरवायचं आणि मग रस्ता पार. हे तोंडी सांगायला वेळ नसतो, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना वळणाचा फोटो पाठवा आणि जागेवर मोठा बाण आधी डावीकडे दाखवणारा लावा.

हाताने दाखवताना पूर्ण हात लांब करा, खांद्यापासून. कोपरातून बोट हलवलं तर लांबून माशी हाकलताय असंच दिसतं. तोंडाने ‘इकडे इकडे’ म्हणू नका, ‘डावीकडे उतरा, वाई’ म्हणा, गावाचं नाव घ्या.

घाटातली उभं राहण्याची जागा वेगळी. खंबाटकीचा जुना घाट चढून गेल्यावर वेळ्याच्या बाजूला उतार लागतो. चढताना हळू असलेला तोच माणूस इथे ५० ने येतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. वळणाच्या बाहेरच्या कडेला कधीही उभं राहू नका. ताबा सुटलेली सायकल बाहेरच्याच कडेला जाते, आणि उजव्या वळणावर ती कड म्हणजे आपल्या डाव्या हाताची बाजू, जिथे उभं राहणं सोपं वाटतं. वळण सुरू व्हायच्या आधी, सरळ भागात, रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभे राहा आणि तळहात खाली करून ‘हळू’ची खूण करा. उतारावर ‘चला चला, भारी!’ असं ओरडून जोश चढवणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. जोश चढावर द्या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: वाहतूक थांबवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तो पोलिसांचा. अंगावर झगझगीत जॅकेट चढलं की आपण कुणीतरी झालो असं वाटतं आणि माणूस ट्रकसमोर हात करून उभा राहतो. तुमची खूण सायकलवाल्यांसाठी आहे. रस्ता पार करायचा असेल तर त्यांना थांबवा, गाड्यांना नाही.

हिवाळ्यात आणखी एक पाहुणा असतो, उसाची ट्रॉली. भुईंजला साखर कारखाना आहे, गाळप चालू असलं की या भागात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. गाणी मोठ्याने लावलेली, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. चालकाला मागची सायकल दिसतही नाही, ऐकूही येत नाही. ट्रॉली येताना दिसली की पुढच्या माणसाला फोन करा, तो सायकलवाल्यांना सावध करील. चढावर ट्रॉलीला हात लावून लटकत जाणारा एखादा वीर सापडतोच. त्याला थांबवून शांतपणे खाली उतरवा, ओरडू नका, दचकून हात सुटला तर चाक शेजारीच असतं.

तुमची स्वतःची गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर, वळणापासून लांब, आणि इंडिकेटर चालू. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसू नका.

पाण्याचा थांबा

हिशेब सोपा आहे. १५० सायकलवाले, प्रत्येकी पाऊण लिटर, म्हणजे ११२ लिटर. २० लिटरचे सहा जार झाले, सातवा हात धुवायला. तोटीवाले जार घ्या, बाटल्यांचे खोके नकोत. दुपारी त्या बाटल्या गोळा करायला तुम्हालाच वाकावं लागेल. थांबा चढाच्या सुरुवातीला किंवा सपाटीवर असावा, चढाच्या मधोमध नाही. तिथे थांबलेल्याला पुन्हा सायकलवर बसता येत नाही.

खायला केळी (अर्धी कापून), खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, संत्र्याच्या फोडी आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. बटाटे सगळ्यात आधी संपतात, अनुभव आहे. वडापावची फर्माईश होईल. पाचगणीत पोचल्यावर द्या, पसरणीच्या पायथ्याशी दिलेला वडा तिसऱ्या वळणावर वर येतो. घाटात थांबा असेल तर केळी झाकून ठेवा, माकडं टेबलावर येतात आणि निवडून घेतात.

ओआरएसच्या पुड्या औषधाच्या दुकानातून घ्या आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा, मोठी पुडी एक लिटरला असते. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही. पुड्या संपल्या तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकणाऱ्यांना टेबलापासून दूर ठेवा. आणि एखादा नुसतं पाणीच पितोय, पोट फुगल्यासारखं झालंय, मळमळतंय, डोकं दुखतंय म्हणतोय, तर त्याला आणखी पाणी पाजू नका. घामातून मीठ गेलेलं असतं. त्याला बसवा, खारं खायला द्या आणि डॉक्टर-गाडीला कळवा.

चालत्या सायकलवर बाटली हातात द्यायचा प्रयत्न करू नका. टीव्हीवर ते छान दिसतं.

अंतर विचारलं तर खरं सांगा. ‘आलंच आता’ हे मराठी माणसाचं आवडतं खोटं आहे. वाईपासून पाचगणी सुमारे १२ किलोमीटर आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. दमलेल्याला हे आकडे सांगितले तर तो त्याप्रमाणे ताकद वाटून घेतो. ‘दोनच वळणं राहिली’ म्हणालात आणि तिसरं लागलं, तर तो तिथेच उतरतो, मनाने.

पंक्चर

दुरुस्तीवाला वेगळा असला तरी पंक्चर तुमच्यापुढेच होणार. आधी सायकल रस्त्याच्या बाहेर घ्या. मग विचारा, ‘सायकल बघू का?’ लाखाची सायकल असते, मालकाला न विचारता हात लावलेला आवडत नाही.

व्हॉल्व्ह बघा. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलींना रबरी व्हॉल्व्ह ट्यूब असलेला जुना प्रकार, बऱ्याच गिअरच्या सायकलींना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह, आणि रोड सायकलींना बारीक, उंच, टोकाला छोटी पितळी चकती असलेला प्रेस्टा. प्रेस्टामध्ये हवा भरायच्या आधी ती चकती सैल करून एकदा दाबायची असते. हे माहीत नसलं की पंप नादुरुस्त आहे असं वाटतं. टपरीवरच्या पंक्चरवाल्याचा नोझल प्रेस्टाला बसत नाही, त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो खिशात ठेवाच. बसला तरी त्याच्या कॉम्प्रेसरने हवा जपून भरा, बारीक ट्यूब क्षणात फाटते. पायाने धरून मारायचा उभा पंप सगळ्यात भरवशाचा.

नवीन ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडकं फिरवा. महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरांतल्या तारेचे केसासारखे तुकडे पडलेले असतात, तेच निम्म्या पंक्चरांचं कारण. फडकं अडकेल तिथे तार आहे. ती न काढता ट्यूब बदलली तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच, आणि त्याच्याकडची एकुलती एक ट्यूब तुम्ही वाया घालवलेली असते. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर तार शोधू नका: हवा कमी होती, खड्ड्यात रिम आपटली.

चाक बसवून झालं की ते फिरवून बघा, ब्रेक दाबून बघा, चाकाचा खटका पूर्ण बंद झालाय का बघा. ब्रेकबद्दल जराही शंका असेल तर त्या सायकलला उतारावर सोडायचं नाही. मालक कितीही घाईत असो, सायकल गाडीत.

कोणी पडलं तर

पहिल्यांदा तुम्ही पळत त्याच्याकडे जाल. साहजिक आहे, पण दोघांपैकी एकाने उलट्या दिशेला, येणाऱ्या सायकलींकडे जायचं आणि त्यांना थांबवायचं. पडलेल्यावर दुसरा येऊन पडणं हे नेहमीचं आहे.

मग त्याच्याशी बोला. उचलून उभं करू नका, हेल्मेट ओढून काढू नका. मान किंवा पाठ दुखतेय म्हणाला तर आहे तिथेच ठेवा, फक्त ऊन अडवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. हात पुढे टेकून पडलेल्याचं बऱ्याचदा खांद्याजवळचं हाड मोडतं. ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधला की त्याला बराच आराम पडतो.

सगळ्यात फसवा तो, जो लगेच उठून ‘काही नाही झालं, जातो मी’ म्हणतो. त्याला पाच मिनिटं बसवाच. ‘आज कुठून निघालो आपण? मागचा थांबा कुठला होता?’ असं विचारा. गोंधळला, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, उलटी झाली, तर डोक्याला मार आहे. त्याची फेरी तिथे संपली, हेल्मेटला नुसता चरा पडलेला असला तरी.

उन्हाने कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर जारभर पाणी ओता, वारा घाला, आणि हे चालू असतानाच फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. छातीत दुखतंय, डावा हात जड झालाय, घाम फुटलाय, असं कोणी म्हणालं तर ‘ॲसिडिटी असेल’ हे निदान आपलं नाही. बसवा आणि फोन. श्वास थांबला तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. हे वाचून येत नाही, फेरीआधी कुठेतरी तासाभराचं प्रशिक्षण घ्या. दुखण्याच्या गोळ्या स्वतःहून कुणाला देऊ नका.

रुग्णवाहिकेला १०८, बाकी कशालाही ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा. फोनवर आधी जिल्हा सांगा. या रस्त्यावर ते फार महत्त्वाचं आहे, कारण खंबाटकीच्या पायथ्याला जे गाव आहे ते खंडाळा, आणि ‘खंडाळा घाटात अपघात’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लोणावळा येतं. ‘सातारा जिल्हा, पारगाव खंडाळा, पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी बाजू, अमुक किलोमीटरचा दगड’ असं सांगा. दगडाचा फोटो काढून ठेवला होता तो याच्यासाठी.

वाहनाने ठोकर दिली असेल तर मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. फोटो मात्र काढू नका, गटावर तर अजिबात टाकू नका. जखमीच्या घरच्यांना ते व्हॉट्सॲपवरून कळता कामा नये.

गट, फोन आणि पैसे

व्हॉट्सॲप गटावर ‘सुप्रभात’ आणि सूर्योदयाचे फोटो पडत राहतात आणि त्यात ‘१४ नंबरला बरं नाही’ हा निरोप बुडतो. तातडीचं असेल तर फोनच. सांगताना क्रम ठेवा: छातीवरचा नंबर, ठिकाण, काय झालं, काय हवंय. ‘एक जण पडलाय, लवकर या’ यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

गावातले लोक विचारतील, ‘कशासाठी चाललंय?’ दोन वाक्यांत सांगता येईल इतकी माहिती असू द्या. ऐकून कोणी खिशातून शंभराची नोट काढेल. मन मोडू नका, पण रस्त्यावर रोख घेऊ नका, संस्थेचा क्यूआर कोड असलेलं कार्ड द्या. पैसा थेट संस्थेच्या खात्यात गेला की पावती निघते, तुमच्या खिशात आला की फक्त शंका. करसवलतीची, लोक ज्याला ८०जीची म्हणतात ती, पावती हवी असणाऱ्याला हेही सांगा की २००० रुपयांच्या वरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत.

शेवटचा जाईपर्यंत

कागदावर गेलेल्यांचे नंबर लिहीत राहा. घोळक्यात दोन-चार सुटतील, मागच्या ठिकाणाशी ताळा करून घ्या. एका वर्षी आमचा एक नंबर कमी भरत होता. अंधार पडेपर्यंत आम्ही खंबाटकीत बॅटऱ्या घेऊन दरीत डोकावत होतो. तो गृहस्थ दुपारी कंटाळून टेम्पोत सायकल टाकून घरी गेला होता आणि जेवून झोपला होता. म्हणून जो कोणी मध्येच सोडतो त्याचा नंबर, वेळ आणि कशाने गेला, हे लिहून घ्या, आणि समन्वयकाला त्याच क्षणी कळवा.

स्वीप गाडी तुमच्यापुढून गेली म्हणजे काम संपलं असं नाही. तिच्या चालकाला विचारा, ‘मागे कोणी नाही ना?’ मग समन्वयकाला फोन, त्याने ‘बंद करा’ म्हटल्यावरच जॅकेट काढायचं. दुपारी बाराच्या उन्हात ही शेवटची पंधरा मिनिटं फार लांबतात.

मग आवराआवर. केळ्यांच्या साली, चिक्कीचे कागद, आणि रस्त्यापलीकडे वाऱ्याने गेलेले तेसुद्धा. लावलेले बाण मोजून काढा. राहिलेला एक बाण पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणालातरी वाईला पाठवतो. उरलेली फळं टपरीवाल्याच्या पोरांना द्या, हॉटेलवाल्याला स्वच्छतागृहाबद्दल धन्यवाद म्हणा, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचंय. जार, टेबल आणि उभा पंप ज्याचा त्याला परत पोचवा. पंप हिरवा असेल आणि दांड्याला लाल चिकटपट्टी असेल तर तो माझा आहे, गेल्या वर्षीपासून शोधतोय.